लाल डबीतली डिस्क

पवनीतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर एका हिवाळ्यात पेंटरनं 'येथे एचडी डीव्हीडी बनवून मिळेल' असं लिहिलं, आणि होळीच्या आत त्याच पेंटरला बोलावून त्या ओळीवरून निळा रंग फिरवावा लागला. बाजारात आलेली एखादी गोष्ट लोकांना तिचं नाव नीट घेता यायच्या आधीच मरू शकते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

मी आणि माझे मिस्टर लग्नाची शूटिंग करतो. वरात, मांडव, स्टेज त्यांच्याकडे. हळद, चुडा, बायकांची बैठक माझ्याकडे. लग्न होऊन मी आसगाववरून इथं आले तेव्हा कॅमेरा खांद्यावर घेणारी दुसरी बाई आमच्या तालुक्यात नव्हती. बायकांना सुरुवातीला हसू यायचं, मग सवय झाली. पुरुष कॅमेरावाला आला की त्या पदर सावरून बसत. माझ्यासमोर त्या जशा आहेत तशा राहत.

ज्या लग्नाची ही गोष्ट आहे, ते कोसा रेशीम विणणाऱ्या एका घरातलं. वधूचे वडील, त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो, आणि तिची आई म्हणजे काकू. घराच्या पुढच्या खोलीत दोन माग होते. सकाळी सुरू झालेली खटखट जेवणापुरती थांबायची आणि दिवेलागणीपर्यंत चालायची. त्या घरात कुणी हळू बोलतच नसे, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नसे. त्यांचा मोठा मुलगा अमेरिकेत नोकरीला होता. बहिणीच्या लग्नासाठी तो महिनाभर आधी आला. नागपूरहून मोठा पातळ टीव्ही घेतला आणि तिकडून आणलेलं एक मशीन त्याला जोडलं. तो एचडी डीव्हीडीचा, म्हणजे साध्या डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र देणाऱ्या नव्या डिस्कचा, प्लेअर होता. सोबत लाल डब्यांमधले तीन इंग्रजी सिनेमे. तिकडची वीज कमी दाबाची असते म्हणून प्लेअरच्या आधी एक जड ट्रान्सफॉर्मरही लावावा लागला होता.

आम्ही त्याच वर्षी नवा एचडी कॅमेरा घेतला होता. मुलानं आमच्या दुकानात येऊन सांगितलं, "बहिणीचं लग्न मला एचडीतच पाहिजे. आईबाबांना या मशीनवर बघता आलं पाहिजे."

तेव्हा आमची एडिटिंग भंडाऱ्याचा एक कॉम्प्युटरवाला करायचा. नेमका तो दुकानात बसला होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"भाऊ, तुम्ही ब्लू-रे घ्यायले पाहिजे होतं. त्याच्यात जागा जास्त मावते. अन् गेमच्या मशीनमध्येच त्यांनी ब्लू-रे टाकून दिलं. पोट्टे गेम मागतील, अन् ब्लू-रे आपोआप घरात येऊन बसेल."

"पण महाग आहे ते," मुलगा म्हणाला. "लोक स्वस्त ते घेतात. आणि या प्लेअरला देशाचं बंधन नाही. तिकडची डिस्क इथे चालते. सिनेमावाल्या कंपन्या अर्ध्या या बाजूला आहेत, अर्ध्या त्या बाजूला."

"अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे, म्हणजे गिऱ्हाइकानं दोन मशीन घ्यायच्या का?"

"एक जिंकेल ना शेवटी."

माझे मिस्टर दोघांचं ऐकून म्हणाले, "दोन्हीबी मशीन डिस्क निळ्याच लेझर किरणानं वाचतात म्हणता, मंग हे लोक एक काहून नाई होऊन राहिले?"

गिऱ्हाइक मुलगा होता, त्यामुळे एचडी डीव्हीडीच ठरली. मिस्टरांना तर वाटलं की आता सगळी मोठी लग्नं अशीच होतील, म्हणून त्यांनी पाटी रंगवून घेतली.

हळदीच्या दिवशी दोन्ही माग बंद ठेवून त्यांच्यावर चादरी टाकल्या होत्या. अंगणात मुलीला पाटावर बसवलं होतं. मी दोन तास शूट केलं. लग्न पार पडलं, मुलगी लाखांदूरला सासरी गेली. कॉम्प्युटरवाल्यानं सगळ्यातून पाऊण तासाची फिल्म कापली. कोऱ्या एचडी डीव्हीडी तर नागपुरातही मिळत नव्हत्या, पण त्यानं एक युक्ती शोधली. पाऊण तासाचंच असेल तर साध्या डीव्हीडीवरही त्या पद्धतीनं लिहिता येतं आणि ती त्या प्लेअरवर चालते. अशी एक डिस्क तयार झाली. मुलानं एका लाल डबीतला सिनेमा दुसरीकडे ठेवला आणि ती डिस्क त्या डबीत घातली. साधी डीव्हीडी नंतर सावकाश काढू, असं ठरलं. सीझन सुरू होता. नंतर कुणालाच आठवण राहिली नाही.

मुलगा परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या आळीला फिल्म दाखवली गेली. मीही गेले होते. इतकं स्वच्छ चित्र आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. मुलीच्या चेहऱ्यावरचा हळदीचा कण न् कण दिसत होता. समोर काकाजी खुर्चीवर बसले होते, बायका खाली सतरंजीवर, आणि काकू आत होत्या. चाळीस माणसांचा चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. मी दोनदा आत जाऊन म्हटलं, "काकू, या ना, तुमच्याच मुलीचं आहे."

"सावकाश पाहीन व मी. मशीन घरातच आहे ना आता."

महिना-दीड महिना गेला असेल. कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. मिस्टर फोनवर नुसते "काय? काय म्हणता?" एवढंच बोलत होते. मला वाटलं कुणी गेलं. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बंद केलं."

"काय बंद केलं?"

"एचडी डीव्हीडी. जे बनवत होते त्यांनीच सोडून दिलं. ब्लू-रे जिंकलं म्हणते तो."

दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर दोन बोटांची बातमी होती. ती मी तीनदा वाचली. अमेरिका, जपान, मोठमोठ्या कंपन्या, आणि त्या सगळ्यात काकूंच्या घरातलं एक मशीन. मला राग यायला हवा होता की हसू, कळेना. दिवाळीला जे नवं होतं ते होळीला जुनंसुद्धा झालं नव्हतं, थेट संपलं होतं. आम्ही काकाजींना सांगायला गेलो. ते मागावर होते. पाय न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"पण आपली मशीन तर चालून राहिली ना?"

"हो, चालते की."

"मंग झालं तर." पुढचा धागा त्यांनी ओढला.

मे महिन्यात वादळ आलं. झाडं पडली, दोन दिवस वीज नव्हती, आणि आली तेव्हा एकदम जास्त दाबानं आली. आळीतले पंखे गेले, एक फ्रिज गेला. काकूंच्या घरचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि त्याच्याबरोबर प्लेअरही. टीव्ही वाचला. दुरुस्तीवाल्यानं प्लेअर उघडून पाहिला आणि बंद करून परत दिला. नवा प्लेअर आता कुठे बनतच नव्हता. मुलानं तिकडे शोधला, त्यालाही मिळाला नाही. मग त्याची नोकरी बदलली, गाव बदललं, ते मागे पडलं.

काकाजी डिस्क घेऊन दुकानात आले. आम्ही ती आमच्या साध्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअरनं ती फिरवली आणि बाहेर ढकलली. कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर चौकोन आला, त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की ही डिस्क चालवता येणार नाही. मी तो चौकोन बंद केला. मूळ टेपांवर तोपर्यंत दुसऱ्या दोन लग्नांची शूटिंग झाली होती, आणि भंडाऱ्याच्या कॉम्प्युटरमधून ते लग्न पुसलं गेलं होतं, कारण जागा लागत होती. टेपा मीच पुसल्या होत्या.

"ठेवा तुमच्याजवळ," काकाजी म्हणाले. "कधी निघाली तर काढजा."

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर काकाजी गेले. छातीचा आजार होता. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की फार उशीर झाला, हे बरंच आधीपासूनचं आहे. घरात कुणाला काही कळलंच नव्हतं. माग बंद झाले. काकूंनी एक विकला, दुसऱ्याचं लाकूड अजून परसात आहे.

त्यानंतर काकू बाजारात जाता-येता दुकानासमोर थांबायच्या. आत यायच्या नाहीत. पायरीवरूनच विचारायच्या.

"निघालं का व ते?"

"नाही काकू. त्याचं मशीनच नाही मिळत."

"बरं." आणि निघून जायच्या.

काकाजींचा फोटो होता, पण हलणारं, बोलणारं असं फक्त त्या डिस्कमध्ये होतं. आणि काकूंनी ते एकदाही पाहिलं नव्हतं. हे त्यांनीच एकदा पायरीवरून सांगितलं होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं की मी त्यांच्याकडे न बघता उत्तर द्यायचे. पुढे त्या विचारायच्या थांबल्या. मला त्याचं बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

वर्षं गेली. ब्लू-रेही इथं कधी नीट आलंच नाही. मध्येच सगळं पेनड्राइव्हवर गेलं, मग मोबाइलवर. जिंकलेलं आणि हरलेलं, दोन्ही आमच्या गावाला सारखंच परकं राहिलं. लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली तेव्हा मी जुन्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. लोक मागत होते, आमच्या लग्नाचं मोबाइलवर पाठवा म्हणून. रोज सकाळी दहा-बारा डिस्क. त्या गठ्ठ्यात ती लाल डबी आली. मी ती बाजूला ठेवणार होते. हातात होती म्हणून घातली, एवढंच.

या कॉम्प्युटरमध्ये आपोआप चालू होणारं काही नव्हतं, त्यामुळे 'चालवता येणार नाही' असं सांगायलाही कुणी नव्हतं. डिस्कचं चित्र आलं. मी ते उघडलं. आत एक फोल्डर, त्यात मोठ्या-मोठ्या तीन फाइली. सगळे व्हिडिओ मी कॉम्प्युटरवरच्या एका फुकटच्या प्लेअर-सॉफ्टवेअरमध्ये पाहते. त्यातली एक उचलून त्यात टाकली.

आधी आवाज आला. बायकांचा गलबला, कुणाच्या तरी पाटल्या-बांगड्या. मग अंगण. पाटावर बसलेली मुलगी, आणि मागे दारात काकाजी.

मी ओरडले असेन, कारण मिस्टर आतून धावत आले.

"काय झालं?"

मी बोट दाखवलं. ते उभ्याउभ्याच पाहत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि एकदम म्हणाले, "बंद कर."

"काहून?"

"बंद कर ना तू."

मी बंद केलं नाही. भंडाऱ्याला फोन लावला. तो आता कॉम्प्युटरचं काम करत नाही, पण फोन उचलतो. त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तेव्हा निघालं असतं का हे?"

त्यानं डिस्क कोणती ते पुन्हा विचारून घेतलं.

"डिस्क तर साधीच होती," तो म्हणाला. "लिहिलेलं वेगळ्या पद्धतीचं, पण डिस्क साधी. कॉम्प्युटर वाचतच होता ते. फाइल उघडून पाहिली असती तर... हो ताई, तेव्हाबी निघालं असतं. मले सुचलंच नाही. सगळे म्हणत होते ना की मेलं ते."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी पायरीवरच्या बाईला नाही म्हणत होते, आणि ते नाही कुणी तपासलेलंच नव्हतं. एका चौकोनात लिहिलेलं एक वाक्य वाचून मी गप्प बसले होते. ती डिस्क चार हातांवरच्या कपाटात होती आणि कॉम्प्युटर टेबलावर.

मिस्टर म्हणाले, "काकूले सांगू, की आत्ताच नवीन सॉफ्टवेअर आलं. खोटं थोडीच आहे? हे प्लेअर तेव्हा आपल्याजवळ नव्हतंच."

"मिळत होतं. आपण शोधलं नाही."

"मंग काय करणार? जाऊन सांगणार, की आमची चूक झाली?"

मी ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवायला लावली. तेव्हा मलाही माहीत नव्हतं मी काय करणार ते.

तोंडाला पट्टी बांधून, लॅपटॉप आणि एका पेनड्राइव्हवर ती फिल्म घेऊन मी सकाळीच काकूंकडे गेले. त्या पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. जिथं माग होते तिथं आता पलंग आहे. मी म्हटलं, "काकू, निघालं ते." त्यांना आधी कळलंच नाही काय ते. मग सुपातला हात थांबला.

मी लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि त्यांना जवळ बसवलं. हळदीचा भाग लागला. काकाजी दारातून अंगणात आले, आणि कॅमेऱ्याच्या बाजूनं स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अवं, ये ना भायेर. पोरीले हळद लावून राहिले सारे."

आतून आवाज आला, "हात भरले आहेत माये. येतो मंग."

काकू दचकल्या. तो त्यांचाच आवाज होता.

काकाजी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पाटाजवळ गेले, वाटीतली हळद घेऊन मुलीच्या गालाला लावली. पुन्हा वाटीत हात घातला आणि दुसऱ्या गालाला लावत म्हणाले, "हे तुया मायकडून." बायका हसल्या. मुलगी खाली बघत राहिली. हे मीच शूट केलं होतं, आणि मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तेव्हा मी बहुतेक फोकस बघत असेन.

"मांगं ने," काकू म्हणाल्या. मी मागे नेलं. तीनदा. त्या रडल्या नाहीत. तोंडावर हात ठेवून पाहत होत्या, एखादा अपघात पाहावा तसं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"हे आत्ताच निघालं का?"

तयार वाक्य माझ्याजवळ होतं. नवीन आलं काकू, आत्ताच आलं. मी म्हटलं, "नाही काकू. तेव्हाही निघालं असतं."

"तेव्हा म्हणजे?"

"काकाजी डिस्क घेऊन आले होते, त्या दिवशीच."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तू तर नाई म्हणत होती."

"मशीननं नाही म्हटलं होतं. मी तेच खरं धरलं. पुन्हा पाहिलंच नाही."

"मशीननं नाई म्हटलं," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. मग सूप उचललं, बाजूला ठेवलं. "तू जा आता. हे राहू दे इथंच."

लॅपटॉप तिथंच ठेवून मी घरी आले. मिस्टरांनी विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. दोघंही त्या दिवशी जेवलो नाही नीट.

चार दिवसांनी काकू स्वतः आल्या. आमच्या पायरीवर त्या किती वेळा उभ्या राहिल्या असतील, पण त्या दिवशी पहिल्यांदा आत येऊन बसल्या. लॅपटॉप पिशवीत होता. शेजारच्या सुनेनं त्यांना तो चालवायला शिकवला होता. मला वाटलं, आता बोलतील जे बोलायचं ते. मी ऐकायला तयार होते.

"मले एक दाखव," त्या म्हणाल्या. "आवाज मोठा कर."

त्यांनी सांगितली ती जागा मी लावली. हळदीच्या आधीचं काहीतरी, अंगणात बायका जमत आहेत, काकाजी सतरंजी झटकत आहेत. सतरंजी खाली ठेवून ते भिंतीला हात लावून उभे राहिले आणि खोकले. तोंड फिरवून, कोरडं, लांबलेलं. मग जेवणाच्या पंगतीत पुन्हा. मग मुलीला निरोप देताना. पाऊण तासात तसं चार ठिकाणी होतं. काकूंनी चारही मला दाखवली.

"तेव्हाच खोकून राहिले होते ते," त्या म्हणाल्या. "घरात मले कधी ऐकूच नाई आलं. दिवसभर माग चालायचा ना. मी कांड्या भरत बसायची बाजूलेच. हातभरावर बसलेला माणूस खोकून राहिला, अन् मले मागाचा आवाज ऐकू येऊन राहिला."

मी म्हटलं, "काकू, मी जर तेव्हा..."

"तू नको बोलू." आवाज चढलेला नव्हता. "तुयावर राग आहे माया. तो राहीनच. पण मशीन चार महिने घरात चालू होती व. रोज झाडझूड करताना मी तिच्यावरची धूळ पुसत होती. काहून नाई पाहिलं मी?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. मिस्टर दारात उभे होते, ते आत गेले. डॉक्टरनं "फार उशीर झाला" म्हटलेलं आम्हा तिघांनाही माहीत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि पुढे केला. ती फिल्म त्यात टाकून द्यायला सांगितली, लाखांदूरला मुलीला पाठवायची होती. मी फाइल लहान केली, त्यांच्या मोबाइलवर घातली आणि त्यांच्यासमोरच मुलीला पाठवली. जायला वेळ लागत होता. काकू खुर्चीवर बसून पडद्यावरचा तो गोल पुरा होताना बघत राहिल्या. पूर्ण झाल्यावर विचारलं, "गेलं?"

"गेलं काकू."

"तिले फोन लावून दे. पाहायच्या आधी मले तिच्याशी बोलायचं आहे."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांना एकटीला बोलता यावं म्हणून बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले.